शाळेच्या दारापर्यंतची सोबत

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानाचा मजकूर)





पन्नास वर्षांची अखंड वाटचाल पूर्ण करणाऱ्या संस्थेच्या व्यासपीठावरून चार विचार मांडण्याची संधी मिळाली, हा मी माझा बहुमान समजतो. संस्थेच्या कार्याचा गौरव माझ्या आधीच्या वक्त्यांनी यथोचित केला आहे. मला नेमून दिलेला विषय लहान आहे, परंतु एखाद्या घराचे सारे भवितव्य त्यावर अवलंबून असते. तो विषय म्हणजे अपंग बालकाचा विशेष शाळेतील प्रवेश.

अपंगांची सेवा आपल्या समाजाला नवी नाही. १९७५ साली जयपूर येथे श्री. डी. आर. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समितीची स्थापना केली आणि 'जयपूर फूट' हे नाव देशोदेशी पोहोचले. गावोगावच्या ट्रस्टांनी भरविलेल्या शिबिरांतून कृत्रिम पाय, कुबड्या, तीनचाकी सायकली आणि श्रवणयंत्रे यांचे वाटप होत आले आहे. हे दान मोलाचे आहे, यात शंका नाही. मात्र कृत्रिम पाय एका शिबिरात बसविता येतो. शाळेतील प्रवेश एका दिवसात होत नाही. त्यासाठी एखाद्या कुटुंबाबरोबर कोणीतरी कित्येक महिने चालावे लागते. आज मला जे सांगावयाचे आहे ते एवढेच, की आपल्या या दोन जिल्ह्यांत अशा मुलाची शाळा बहुतेक वेळा पैशावाचून अडत नाही, ती सोबतीवाचून अडते.

आपली भूमी आणि तिचा वारसा

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला. क्षेत्रफळ चौदा हजार चौरस किलोमीटरहून अधिक, तालुके बारा, आणि जिल्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वनाच्छादित. सिरोंचा अथवा भामरागड येथून जिल्ह्याच्या ठिकाणी यावयाचे तर दीडशे किलोमीटरहून अधिक अंतर कापावे लागते. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हा कित्येक पावसाळ्यांचा अनुभव आहे. शहरात राहणाऱ्या पालकांना जो दाखला दोन फेऱ्यांत मिळतो, त्याच दाखल्यासाठी दुर्गम पाड्यावरील माणसाची आठवडाभराची मजुरी बुडते.

या अडचणींबरोबरच एक मोठा वारसाही या भूमीला लाभला आहे. आपल्यापैकी जे भद्रावती तीर्थाच्या दर्शनास जातात, त्यांनी त्याच नागपूर मार्गाने थोडे पुढे गेले की वरोरा लागते. तेथे बाबा आमटे आणि साधनाताई आमटे यांनी उभे केलेले आनंदवन आहे. १९४९ साली महारोगी सेवा समितीची स्थापना झाली, आणि १९५१ साली खडकाळ, ओसाड जमिनीवर मोजक्या कुष्ठरोग्यांना सोबत घेऊन वसाहतीचे काम सुरू झाले. ज्यांना गावाने वेशीबाहेर घातले, देवळाच्या आणि शाळेच्या पायरीवर उभे राहू दिले नाही, त्यांनी कष्टाने ती जमीन पिकविली. पुढे त्याच आनंदवनात १९६६ साली अंध मुलांसाठी विद्यालय सुरू झाले आणि १९८३ साली मूकबधिर मुलांसाठी. हाताने काम शिकू इच्छिणाऱ्या अपंग तरुणांसाठी 'संधिनिकेतन' उभे राहिले. 'स्वरानंदवन' या वाद्यवृंदातून तेथील अंध आणि अपंग कलावंतांनी महाराष्ट्रभर रसिकांची दाद मिळविली.

समाजाने ज्यांच्यासाठी दार बंद केले होते, त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांसाठी दार उघडले, हा या इतिहासाचा अर्थ आहे. तेव्हा 'आमच्या भागात अशा मुलांसाठी काही नाही' असे कोणी म्हणू लागला, तर ते पूर्ण सत्य नव्हे, हे आपण त्याला सांगू शकतो. अडचण शाळेपर्यंत पोहोचण्याची आहे.

वय वाया जाऊ नये

पहिली गोष्ट वेळेची. 'थोडे मोठे होऊ द्या, मग पाहू' हे वाक्य आपण प्रेमापोटी उच्चारतो, आणि त्या वाक्यात मुलाची मोलाची वर्षे निघून जातात.

कर्णबधिर मुलाचे उदाहरण घ्या. मूल भाषा शिकते ती मुख्यत्वे पहिल्या काही वर्षांत. ज्याला ऐकू येत नाही, त्याच्या कानावर आईची भाषा पडत नाही. आणि खुणांची परिपूर्ण भाषाही कोणी शिकविली नाही, तर त्याच्यापाशी कोणतीच भाषा राहत नाही. भूक लागली हे ते दाखवू शकते, पण काल काय झाले, उद्या काय होईल, भीती कशाची वाटते, हे ते सांगू शकत नाही. म्हणूनच वैद्यकशास्त्र म्हणते की, जन्मानंतर महिनाभरात श्रवणाची प्राथमिक तपासणी, तीन महिन्यांपर्यंत निदान आणि सहा महिन्यांपर्यंत उपाययोजना व्हावी. आपल्या खेड्यांत अनेकदा सहाव्या-सातव्या वर्षी, शाळेतील गुरुजींच्या लक्षात आल्यावर, प्रथम निदान होते. काही बालकांना कानातील शस्त्रक्रियेचा, म्हणजे कॉक्लिअर इम्प्लांटचा, उपयोग होतो आणि त्यासाठी शासकीय योजनांतून साहाय्यही मिळते; परंतु तेथेही लहान वयालाच महत्त्व आहे.

अंध मुलाच्या बोटांना ब्रेलची सवय लहानपणी जितकी सहज लागते तितकी पुढे लागत नाही. मेंदूच्या पक्षाघाताने, म्हणजे सेरेब्रल पाल्सीने, बाधित मुलाचे स्नायू वेळीच व्यायाम न मिळाल्यास आखडत जातात. बौद्धिक अक्षमता असलेले मूल कपडे घालणे, जेवणे, शौचास जाणे ही कामे सरावाने शिकू शकते. पण सर्व काही आईनेच करावयाचे अशी घडी एकदा बसली की ती मोडणे कठीण जाते.

आपल्या भागात आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. सिकलसेल हा आजार विदर्भाच्या पूर्व भागात मोठ्या प्रमाणावर आढळतो, आणि २०१६ च्या कायद्याने जी एकवीस प्रकारची अपंगत्वे मान्य केली, त्यांत त्याचा समावेश आहे. अशा मुलाला वेगळ्या शाळेची आवश्यकता नसते. आजारपणात होणारी गैरहजेरी समजून घेणारे शिक्षक मात्र त्याला लाभले पाहिजेत.

कायदा काय म्हणतो

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाची जबाबदारी शासनावर टाकली. २००७ साली भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांसंबंधीच्या करारास मान्यता दिली. त्याला अनुसरून 'दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६' आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याच्या कलम ३१ अन्वये, किमान चाळीस टक्के अपंगत्व प्रमाणित झालेल्या सहा ते अठरा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाला शेजारच्या शाळेत अथवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण घेण्याचा हक्क आहे. निवड मुलाची आणि त्याच्या पालकांची आहे, हे या कलमाचे मर्म आहे. 'हे मूल आमच्याकडे चालणार नाही, त्याला विशेष शाळेत न्या' असे म्हणून साध्या शाळेने हात झटकणे या कायद्याला मान्य नाही.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वयोगटातील मुलाला वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि शाळेत कधीच न गेलेल्या मुलाला त्याच्या वयानुरूप वर्गात घेऊन विशेष शिकवणी द्यावी, असे तो सांगतो. २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र आणि बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिक्षण घेण्याची मुभा दिली. ही मुभा मुलाच्या सोयीसाठी आहे. हजेरीपटावर नाव घालून मुलाला घरी बसवून ठेवण्यासाठी नाही.

'अपंग', 'विकलांग', 'दिव्यांग' असे निरनिराळे शब्द कागदोपत्री आढळतात. त्यांनी गोंधळून जाऊ नये. जुन्या आणि नव्या कागदांचा हा फरक आहे.

प्रवेशाची वाट

आता प्रत्यक्ष वाटेकडे वळू. एटापल्ली तालुक्यातील एखाद्या पाड्यावरचे चार वर्षांचे मूल डोळ्यांसमोर आणा. हाक मारली तर ते वळून पाहत नाही.

पहिला टप्पा ओळखीचा. अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्ती यांच्या नजरेस ही गोष्ट बहुधा सर्वांआधी येते. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी करावी, अशी योजना आहे. पथक येते त्या दिवशी मूल जंगलात मोहफुले वेचायला गेलेल्या आईबरोबर असेल, तर ते नोंदीतून सुटते. त्या दिवशी त्याला अंगणवाडीत आणणे एवढे जरी कोणी केले, तरी अर्धे वर्ष वाचते.

दुसरा टप्पा तपासणी आणि प्रमाणपत्राचा. ठरविलेल्या शासकीय रुग्णालयात तज्ज्ञांकडून तपासणी होते आणि त्यावरून प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र, ज्याला यूडीआयडी कार्ड म्हणतात, दिले जाते. येथे लहानसहान गोष्टी फार महत्त्वाच्या ठरतात. तज्ज्ञ ठरावीक वारीच बसत असतील, तर तो वार आधी विचारून घ्यावा. आधार कार्डावरील आणि जन्मनोंदीवरील नावाचे स्पेलिंग एक आहे का, हे निघण्यापूर्वी पाहावे. लहान बालकाच्या श्रवणाची 'बेरा' तपासणी मूल झोपेत असताना करावी लागते, रात्रभर एस.टी.ने प्रवास करून, भुकेने रडत आलेले मूल तेथे नेमके झोपत नाही आणि तारीख पुढे जाते. आदल्या दिवशी शहरात मुक्कामाची सोय झाली तर ही फेरी वाया जात नाही.

बौद्धिक चाचणीच्या बाबतीत भाषेचा प्रश्न आहे. माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला मराठीत प्रश्न विचारले, आणि ते गप्प राहिले, तर ते गप्प राहणे बुद्धीचे लक्षण समजू नये. दोन्ही भाषा जाणणारा माणूस सोबत असणे हा त्या मुलावरचा मोठा उपकार होय. कारण चुकीचा शिक्का एकदा कागदावर बसला की तो पुसणे दुरापास्त असते.

शेजारच्या शाळेत किंवा अंगणवाडीत नाव घालण्यासाठी मात्र या प्रमाणपत्राची वाट पाहत बसू नये. दोन्ही कामे एकाच वेळी चालू ठेवावीत.

तिसरा टप्पा शाळेच्या निवडीचा. प्रत्येक अपंग मुलाला निवासी विशेष शाळाच हवी असे नाही. चाकाची खुर्ची वापरणाऱ्या बुद्धिमान मुलाला गावच्याच शाळेत उताराचा रस्ता आणि योग्य स्वच्छतागृह मिळाले, तर ते घरी राहून शिकू शकते. तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. त्यांचा सल्ला अवश्य घ्यावा. परंतु ज्या कर्णबधिर मुलाला आपल्यासारखे दुसरे मूल कधी भेटलेच नाही, ज्या अंध मुलाला गावात ब्रेल शिकविणारा कोणी नाही, त्याच्यासाठी विशेष शाळा हे खरे प्रवेशद्वार ठरते. जिल्ह्यातील शासनमान्य विशेष शाळांची माहिती जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे मागावी. उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वीच शाळा पाहून यावी, कारण जून उजाडल्यावर धावपळ केली तर जागा भरलेल्या असतात.

शाळा पाहताना काय पाहावे? शिक्षकांकडे त्या विशिष्ट अपंगत्वाचे मान्यताप्राप्त प्रशिक्षण आहे काय. मुलींच्या वसतिगृहात रात्री महिला कर्मचारी राहतात काय. आजारी पडल्यास कोणत्या रुग्णालयात नेतात. पालकांना न कळविता भेटीस येता येते काय. जे मूल आपली तक्रार बोलून सांगू शकत नाही, त्याच्या सुरक्षिततेविषयी पालकांनी हे प्रश्न निःसंकोच विचारलेच पाहिजेत. चांगली शाळा अशा प्रश्नांनी रागावत नाही.

निरोपाचा दिवस

चौथा टप्पा सर्वांत अवघड आणि कोणत्याही अर्जात न लिहिलेला. तो म्हणजे आईने मुलाला वसतिगृहात ठेवून परत फिरण्याचा दिवस.

जे मूल आजवर आईच्या पदराला धरून वाढले, ज्याच्या खुणा जगात एकट्या तिलाच कळतात, त्याला परक्यांच्या हाती कसे सोपवावे? कर्णबधिर मुलाला तर 'मी दिवाळीला येईन' हेही समजावून सांगता येत नाही. त्याच्या दृष्टीने आई त्याला सोडून निघून गेलेली असते. म्हणून कित्येक पालक आठ-पंधरा दिवसांतच मुलाला परत घेऊन जातात, आणि एवढ्या खटपटीने झालेला प्रवेश वाया जातो. या पालकांना अज्ञानी म्हणणे अन्यायाचे आहे. त्यांच्या भीतीला कारण आहे, आणि त्या भीतीवर उपायही आहे.

पहिल्या काही दिवसांत आईला शाळेजवळ राहण्याची सोय व्हावी. घरातील माणसांची छायाचित्रे आणि ओळखीचे पांघरूण मुलाजवळ असावे. मुलाच्या घरगुती खुणा कोणत्या, पाणी कसे मागते, दुखले तर काय करते, हे लिहून शिक्षकांना द्यावे. आईला लिहिता येत नसेल तर तिच्या तोंडून ऐकून कोणी ते लिहून घ्यावे. ठरल्या दिवशी न चुकता भेट व्हावी. अपंग प्रवाशाला एस.टी.च्या भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, परंतु एकट्याने भेटीला निघालेल्या आईचे भाडे आणि तिचा त्या दिवसाचा रोज कोण भरणार? येथे लहानशी मदतही मोठे काम करते.

जंगलातील पालक मुलांना दूर पाठवीतच नाहीत, हा समज खरा नाही. १९७३ साली हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि १९७६ साली तेथे आश्रमशाळा आली. ती विशेष शाळा नव्हे. परंतु विश्वास निर्माण झाला की माडिया आईवडीलही मुलांना निवासी शाळेत ठेवतात, हे तिने दाखवून दिले. त्या विश्वासासाठी माणसे तेथे जाऊन राहिली, हे विसरू नये.

आपल्या घरांकडे पाहताना

बंधूंनो आणि भगिनींनो, हा प्रश्न दुर्गम पाड्यांचाच आहे असे समजून आपण निश्चिंत होऊ नये. सुस्थितीतील घरांतही असे मूल असते. त्याच्यासाठी डॉक्टर होतात, औषधे होतात, नवससायास होतात. शाळा मात्र होत नाही. पाहुणे आले की ते आतल्या खोलीत असते. मोठ्या बहिणीचे लग्न जमेपर्यंत त्याचा उल्लेख टाळला जातो. यामागे दुष्टपणा नसतो, लोक काय म्हणतील ही धास्ती असते. पण त्या मूक धास्तीची किंमत ते मूल आपल्या शिक्षणाने मोजते.

ही धास्ती एकट्या आईला दूर करता येत नाही. समाजच ती दूर करू शकतो. आपल्या स्नेहमेळाव्यात, पाठशाळेत, सहलीत अशी मुले दिसू लागली, सोयरीक ठरविताना भावंडाच्या अपंगत्वावरून कोणी नाक मुरडले नाही, तर दारे आपोआप उघडतील. आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने आपल्या परंपरेने सांगितली आहेत. पहिल्या तिन्हींसाठी आपले ट्रस्ट सदैव पुढे असतात. या मुलांच्या मातांना चौथ्याची गरज आहे.

एक नम्र सूचना

शेवटी एक व्यवहार्य सूचना मांडतो. आपल्यापैकी अनेकांची दुकाने आणि पेढ्या तालुक्याच्या बाजारपेठांत आहेत. आठवडी बाजाराच्या दिवशी दूरदूरच्या पाड्यांवरील माणसे मीठ, कापड, किराणा यांसाठी त्या दुकानांच्या पायऱ्या चढतात. दुकानदार त्यांना ओळखतो, त्यांच्या मुलाबाळांना ओळखतो, आणि पुष्कळदा त्यांची भाषाही त्याला येते. अशी ओळख कोणत्याही कार्यालयापाशी नाही. असे मूल दृष्टीस पडले की नाव, गाव आणि वय यांची नोंद आईवडिलांच्या संमतीने करावी आणि ट्रस्टला कळवावी.

ट्रस्टने दरवर्षी थोड्याच मुलांची जबाबदारी घ्यावी, पण ती पुरतेपणी घ्यावी. प्रत्येक मुलामागे एक सोबती असावा. निवृत्त शिक्षक, महिला मंडळातील भगिनी, महाविद्यालयीन युवक, कोणीही चालेल. तपासणीपासून प्रमाणपत्रापर्यंत, प्रवेशापासून पहिल्या दिवाळीच्या सुट्टीपर्यंत आणि सुट्टीनंतर मूल शाळेत परत पोहोचेपर्यंत त्याने त्या कुटुंबाची साथ सोडू नये. सुट्टीनंतरचे परतणे विशेष महत्त्वाचे, कारण बरीच मुले तेथेच गळतात. शाळा अठराव्या वर्षी संपते, तेव्हा पुढील कामधंद्याचा विचार आधीपासून व्हावा. आणि बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेल्या मुलांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून कायदेशीर पालकत्व मिळविता येते, हे सोबत्याने घरच्यांना सांगून ठेवावे.

या कामाला भव्य इमारत लागत नाही. नामफलकावर कोणाचे नावही येणार नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील अपंगांची संख्या २ कोटी ६८ लाख होती, आणि त्यांतील साक्षर जेमतेम ५५ टक्के. एवढ्या मोठ्या आकड्यापुढे पाच-दहा मुले म्हणजे काय, असे कोणी विचारील. ज्या घरातील मूल प्रथमच बोटांच्या खुणांनी आपले नाव सांगते, त्या घराला हा प्रश्न पडत नाही.

ट्रस्टच्या पुढील वाटचालीस मनःपूर्वक शुभेच्छा देतो आणि येत्या जूनपूर्वी अशा पहिल्या मुलाचे नाव ट्रस्टच्या वहीत लिहिले जावे, एवढी अपेक्षा व्यक्त करून थांबतो.

जय जिनेंद्र.